पिल्लांच्या लसीकरण पत्रकावर हर्नियाची नोंद हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात पाळीव प्राण्यांविषयी जे लेखन येते त्यात आहार, लसीकरण आणि रेबीज यांची चर्चा वरचेवर असते आणि ती आवश्यकही आहे. कुत्र्याच्या पिल्लांमधील जन्मजात हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीत न मिटलेल्या छिद्रातून आतली चरबी किंवा आतडे बाहेर येणे, हा विषय मात्र त्यात क्वचितच दिसतो, जरी दवाखान्यात तो वारंवार समोर येतो. आधी शासकीय सेवेत आणि नंतर खासगी व्यवसायात लहान प्राण्यांवर शस्त्रक्रिया करीत आलेला पशुवैद्य म्हणून माझी एक साधी मागणी आहे. पिल्लू पहिल्या लसीसाठी, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवड्यांचे असताना, दवाखान्यात येते, त्या वेळी त्याला उताणे निजवून त्याची बेंबी आणि दोन्ही जांघा बोटांनी चाचपाव्यात आणि जे आढळेल ते, काहीही आढळले नाही तरी तसे, लसीकरण पत्रकावर लिहावे.

ही तपासणी होत नसल्यामुळे दोन परस्परविरुद्ध चुका घडतात. काही पिल्लांत बेंबीचे छिद्र केव्हाच बंद झालेले असते आणि चरबीचा लहानसा गोळा तेवढा कातडीखाली अडकून राहिलेला असतो. त्यात धोका काहीच नसतो, तरीही मालक घाबरतो आणि केवळ त्या गाठीसाठी दोन महिन्यांच्या जिवाला भूल दिली जाते. दुसरीकडे छिद्र चांगले उघडे असलेल्या पिल्लाबाबत ‘मोठे झाले की आपोआप जाईल’ असे कोणीतरी सांगते, त्या भरवशावर वर्ष निघून जाते आणि एके रात्री त्या फुगवट्यात आतड्याचा वेढा अडकून पिल्लू ओकाऱ्या काढू लागते. वरून पाहिले तर दोन्ही पिल्लांच्या पोटावरचा उंचवटा सारखाच दिसतो. त्यामुळे फोनवर छायाचित्र पाठवून ‘डॉक्टर, हे काय आहे?’ असे विचारणाऱ्यांना मी दवाखान्यात येण्याचाच आग्रह धरतो, कारण छायाचित्रावरून याचे निदान होऊ शकत नाही.

गर्भावस्थेत पिल्लाच्या बेंबीतून दोन धमन्या, एक शीर आणि मूत्राशयाकडून येणारी एक नळी जात असते. गर्भाच्या वाढीत एक काळ असाही असतो की आतड्यांचा काही भाग नाळेच्या मुळाशी पोटाबाहेर राहतो आणि पुढे पोटाची पोकळी मोठी झाल्यावर आत परततो. जन्मानंतर नाळ वाळून गळून पडते आणि दोन्ही बाजूंच्या स्नायूंना मध्यरेषेवर जोडणाऱ्या चिवट पांढऱ्या पट्टीतले ते कडे आकसून मिटते. ते मिटले नाही तर पोटातील काही ना काही कातडीखाली उतरते. कुत्र्यामध्ये यकृताच्या बाजूने बेंबीपर्यंत चरबीची एक पट्टी असते आणि लहान हर्नियात बहुतेक वेळा तीच बाहेर आलेली आढळते. छिद्र मोठे असेल तर वपा, म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा, आणि लहान आतडेही येते. क्वचित एखाद्या नवजात पिल्लाच्या बेंबीवर कातडीच नसते, फक्त पातळ पापुद्रा असतो आणि त्यातून आतडी दिसतात. हा साधा हर्निया नव्हे. असे पिल्लू कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळून ताबडतोब न्यावे लागते, आणि दुर्दैवाने पुष्कळदा ते वाचत नाही.

पुष्कळ मालकांची अशी समजूत असते की कुत्रीने नाळ ओढून तोडली किंवा बाळंतपणाच्या वेळी कोणी ती फार जवळून कापली म्हणून हर्निया झाला. नाळेवर अवाजवी ताण पडणे किंवा बेंबीत जंतुसंसर्ग होणे ही कारणे काही वेळा असू शकतात, पण बहुसंख्य पिल्लांत दोष आनुवंशिक असतो. एअरडेल, बसेंजी आणि पेकिनीज या जातींत त्याचे प्रमाण जास्त असल्याचे पशुवैद्यकीय ग्रंथांत नोंदलेले आहे. आपल्याकडे शहरांतून ज्या लहान चणीच्या, चपट्या तोंडाच्या जातींची पिल्ले मोठ्या संख्येने विकत घेतली जातात, त्यांच्यातही तो नित्य पाहायला मिळतो. या आनुवंशिकतेचा मुद्दा पुढे पुन्हा घेतो, कारण शस्त्रक्रियेइतकाच तो महत्त्वाचा आहे.

आता तपासणी कशी करायची ते जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळे निदान तिच्यावर उभे आहे आणि तिला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. पिल्लू नुकतेच खाऊन आलेले नसावे आणि शांत असावे. मालकाच्या मांडीवर उताणे निजवले तर ते सहसा धडपडत नाही. मग फुगवट्यावर बोटांच्या टोकांनी हलका, सतत दाब द्यावा. आतला ऐवज पोटात परत गेला तर बोट जिथे टेकते तिथे छिद्राची कड जाणवते. ती कड सर्व बाजूंनी फिरून पाहावी आणि तिचा व्यास सेंटिमीटरमध्ये मोजून लिहावा, कारण ‘लहान’ किंवा ‘मोठा’ या शब्दांवरून महिन्याभराने दुसऱ्या डॉक्टरला काहीच समजत नाही. ऐवज आत जात नसेल तर तो मऊ, थंड आणि न दुखणारा आहे, की टणक, गरम आणि हात लावताच पिल्लू किंचाळते असा आहे, हे पाहावे. त्यानंतर पिल्लाचे पुढचे पाय उचलून त्याला मागच्या पायांवर उभे करावे. पोटातला दाब खालच्या बाजूला आल्यावर जांघेतला लहानसा हर्निया, जो उताणे असताना लपून बसला होता, तो अनेकदा दिसू लागतो. दोन्ही जांघांची तुलना केल्याखेरीज तपासणी पूर्ण होत नाही. नर पिल्लाच्या बाबतीत दोन्ही अंड अंडकोशात उतरले आहेत की नाही तेही त्याच वेळी पाहावे, कारण बेंबीचा हर्निया असलेल्या नरांत अंड न उतरण्याचा दोष सोबत असण्याचा संभव अधिक असतो.

बोटाने खात्री झाली नाही तर सोनोग्राफी करावी. कातडीखाली चरबी आहे की आतड्याचा वेढा, आणि तो हलतो आहे की नाही, हे तीत स्पष्ट दिसते. एक्स-रेमध्ये आतड्यातला वायू पोटाच्या रेषेबाहेर दिसला तरी निदान होते. सुई मात्र कधीही टोचू नये. बेंबीजवळची गाठ गळू समजून तिला चीर दिल्याने आतडे कापले गेल्याची पिल्ले मी हाताळली आहेत आणि त्यातली सगळी वाचवता आली नाहीत. हा प्रकार बहुधा पशुवैद्यकाची नोंदणी नसलेल्या माणसाकडून, घरी येऊन, थोड्या पैशांत होतो. नोंदणीकृत पशुवैद्याखेरीज कोणी अशी शस्त्रक्रिया करणे हे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 मधील तरतुदींच्या विरुद्ध आहे, याची जाणीव पाळीव प्राण्यांच्या दुकानदारांनाही करून द्यायला हवी.

छिद्रात करंगळीचे टोकही शिरत नसेल, बाहेर फक्त चरबी असेल आणि ती सहज आत जात असेल तर थांबणे योग्य ठरते. अशी छिद्रे वयाच्या सहाव्या महिन्यापर्यंत स्वतःहून मिटू शकतात. तोवर प्रत्येक लसीच्या भेटीत व्यास पुन्हा मोजायचा आणि सहा महिन्यांनंतरही छिद्र उघडेच असेल तर निर्बीजीकरणाच्या वेळी, त्याच भुलीत, ते शिवून टाकायचे. मादी पिल्लाच्या निर्बीजीकरणासाठी पोट मध्यरेषेवरच उघडावे लागते, म्हणून तीच चीर थोडी वर वाढवली की दोन्ही कामे होतात. छिद्रात बोट सहज शिरते आणि आत आतडे सरकताना जाणवते, तिथे मात्र सहा महिन्यांची वाट पाहू नये. पिल्लू भूल सोसण्याइतके मोठे आणि सशक्त झाले की लगेच तारीख ठरवावी.

छिद्राच्या आकाराबद्दल एक गोष्ट मालकांना सहसा माहीत नसते. सगळ्यात मोठा हर्निया सगळ्यात धोकादायक असतो असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात फार मोठ्या छिद्रातून आतडे मोकळेपणी आत-बाहेर करते आणि अगदी लहान छिद्रात ते शिरूच शकत नाही. खरी भीती मधल्या आकाराची असते. ज्या छिद्राचा व्यास जवळपास आतड्याच्या जाडीएवढा आहे, त्यातून एखादा वेढा बाहेर सरकतो, बाहेर आल्यावर वायूने आणि द्रवाने फुगतो आणि मग परत जाऊ शकत नाही. आधी शिरांतून परत जाणारे रक्त अडते, त्यामुळे सूज वाढते, सुजेमुळे धमनीतला प्रवाह थांबतो आणि काही तासांत आतड्याचा तो भाग काळा पडू लागतो. कालपर्यंत मऊ असलेला फुगवटा टणक, गरम, लालसर-जांभळा झाला, हात लावू देईना, पिल्लाने खाणे सोडले आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तर सकाळपर्यंत थांबू नये. घरी तो आत ढकलण्याचा प्रयत्नही करू नये, कारण मेलेले आतडे पोटात ढकलले गेले तर पोटभर विष पसरते.

या संदर्भात दोन घरगुती उपायांचा उल्लेख करणे मला कर्तव्य वाटते. एक म्हणजे बेंबीवर नाणे ठेवून पट्टी आवळणे. लहान मुलांच्या बाबतीतली ही जुनी पद्धत घरातली वडीलधारी माणसे मायेपोटी पिल्लावरही करतात. तिने छिद्र मिटण्यास काही मदत होत नाही, उलट पट्टीखाली कातडी ओलसर राहून चिघळते आणि आत काय चालले आहे ते दिसेनासे होते. दुसरा उपाय फार घातक आहे. फुगवट्याच्या मुळाशी रबर बँड किंवा दोरा घट्ट बांधून तो गळून पडण्याची वाट पाहिली जाते. त्या वेळी आत आतडे असेल तर ते आवळले जाते, म्हणजे ज्या दुर्घटनेला आपण भितो ती आपल्याच हातांनी घडवली जाते. आत केवळ चरबी असली तरी कातडी गळून गेल्यावर खालचे छिद्र उघडेच राहते.

जांघेतल्या हर्नियाकडे बेंबीपेक्षा अधिक गांभीर्याने पाहायला हवे. मोठ्या वयाच्या, निर्बीजीकरण न झालेल्या कुत्रीत तो नंतर उद्भवतो आणि त्यात गर्भाशय उतरते. कुत्री गाभण राहिली तर त्या अरुंद जागेत पिल्ले वाढू लागतात आणि आईचाच जीव धोक्यात येतो. लहान पिल्लांत, विशेषतः नरांत, तिथे लहान आतडे अडकण्याचा संभव जास्त असतो. दोन वर्षांच्या आतील नरात जांघेत सूज आणि सोबत दोन-तीन दिवस चाललेल्या ओकाऱ्या असा इतिहास मिळाला, तर आत आतड्याचा भाग निकामी झाला असावा असे धरूनच मी तयारी करतो. अशा वेळी चरबीची गाठ, स्तनग्रंथीची गाठ किंवा वाढलेली लसिका ग्रंथी समजून दिवस घालवणे परवडत नाही. एका बाजूला हर्निया सापडला तर दुसरी बाजूही बारकाईने पाहावी, कारण तिकडेही छिद्र सैल असू शकते. मादीमध्ये मध्यरेषेवरील एकाच चिरेतून दोन्ही बाजू पाहता येतात. इथले छिद्र शिवताना मागच्या, आतल्या कोपऱ्यात मुद्दाम थोडी जागा सोडावी लागते, कारण तिथून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बाहेर येतात. पूर्ण आवळून टाकले तर पायाच्या आतल्या बाजूला आणि जननेंद्रियाकडे सूज येते, आणि जास्त जागा सोडली तर हर्निया परत येतो. हे मोजमाप हाताला अनुभवानेच कळते. नरामध्ये त्याच भुलीत अंड काढून निर्बीजीकरण करावे असे मी नेहमी सांगतो. त्यामुळे छिद्र अधिक नीट मिटवता येते आणि दोष पुढच्या पिढीत जात नाही.

आणखी एक प्रकार दुर्मीळ असला तरी त्याची आठवण ठेवायला हवी. काही पिल्लांत श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट वेगळे करणाऱ्या स्नायूच्या पडद्याचा, पोटाकडचा खालचा भाग नीट जुळून येत नाही आणि पोटाची पोकळी थेट हृदयाभोवतीच्या पिशवीशी जोडलेली राहते. कुत्र्यात हा दोष जन्मजातच असतो, अपघाताने तो होत नाही. वायमरानर जातीत तो अधिक आढळतो. यकृताचा तुकडा, पित्ताशय किंवा आतडे त्या पिशवीत जाऊन बसते. काही कुत्रे आयुष्यभर काहीही त्रास न होता जगतात आणि भलत्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये हृदयाची सावली मोठी, गोल आणि श्वासपटलाशी एकजीव झालेली दिसते, तेव्हा तो उघडकीस येतो. काही पिल्ले लवकर दमतात, वाढ खुंटते, अधूनमधून ओकतात. हृदयाचे ठोके स्टेथोस्कोपमध्ये दबलेले ऐकू येतात. या दोषाची बाहेरून मिळणारी सूचना पुष्कळदा पोटाच्या भिंतीतच असते. फुगवटा बेंबीवर नसून तिच्या वर, छातीच्या हाडाच्या टोकाजवळ असेल, किंवा ते टोकच दुभंगलेले जाणवत असेल, तर भूल देण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि शक्य असल्यास हृदयाची सोनोग्राफी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. बेंबीचा साधा हर्निया समजून पोट उघडावे आणि चीर वर वाढवताना हृदय दिसावे, हा प्रसंग यंत्राने श्वास देण्याची सोय नसलेल्या ठिकाणी प्राणघातक ठरू शकतो. त्रास होत असलेल्या पिल्लात ही शस्त्रक्रिया दोन ते चार महिन्यांच्या वयात केलेली चांगली, कारण तोवर यकृत आणि पिशवी एकमेकांना चिकटलेली नसतात. वाढत्या वयात सापडलेल्या, पण तक्रार नसलेल्या कुत्र्याला मात्र नुसते निरीक्षणाखाली ठेवणेही रास्त असते. बुलडॉगसारख्या जातींत जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या छिद्रातून छातीत सरकतो, तोही जन्मजात हर्नियाच आहे. त्याचे निदान आणि उपचार निराळे असल्याने इथे फक्त उल्लेख करतो.

शस्त्रक्रियेविषयी मालकांच्या मनात जी भीती असते ती बहुतांशी भुलीची असते आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. लहान पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो, अंगावर चरबी कमी असते आणि शरीराच्या मानाने कातडीचा पसारा जास्त असल्यामुळे ते चटकन थंड पडते. म्हणून मोठ्या कुत्र्याप्रमाणे पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवणे चुकीचे आहे. दोन-चार महिन्यांच्या पिल्लाला काही तासांचाच उपवास पुरतो आणि पाणी तर अगदी शेवटपर्यंत देता येते. भुलीच्या काळात रक्तातील साखर पाहत राहणे, सलाइन कोमट करून देणे, टेबलावर उबदार गादी ठेवणे आणि पोटावरचे केस काढल्यावर स्पिरिटने अंग भिजवून न टाकणे या गोष्टींवर पिल्लाचे जगणे अवलंबून असते. शक्य तिथे वायुरूप भूल, म्हणजे आयसोफ्लुरेन, वापरावी, कारण तिची मात्रा क्षणोक्षणी कमी-जास्त करता येते.

बेंबीच्या हर्नियाची शस्त्रक्रिया नीट निदान झाले असेल तर सरळ असते. फुगवट्याभोवती लंबगोल चीर देऊन कातडी काळजीपूर्वक सोडवायची, आतल्या पिशवीला सुरुवातीलाच धक्का लावायचा नाही. आत चरबी असेल तर ती बांधून कापून टाकता येते. आतडे असेल तर त्याचा रंग, हालचाल आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांतील ठोका तपासून मगच ते आत सोडायचे. अडकलेले असेल तर आधी छिद्र मोठे करून वेढा मोकळा करायचा, कोमट सलाइनने भिजवून काही मिनिटे थांबायचे आणि रंग परतला नाही तर तो भाग काढून दोन्ही टोके जोडायची. छिद्राच्या कडा खरवडून ‘ताज्या’ कराव्यात असे आम्हाला विद्यार्थी असताना शिकवले गेले होते. आज त्याची गरज मानली जात नाही. स्नायूवरच्या बाहेरील चिवट आवरणात कडेपासून सुमारे अर्धा सेंटिमीटर आत सुई घेऊन, ताण न आणता, सावकाश विरघळणाऱ्या धाग्याने शिवले तर ते टिकते. पोटाचा सगळा भार ते आवरण पेलते, खालचा स्नायू नाही. झटपट विरघळणारा कॅटगट इथे वापरू नये, कारण हे आवरण भरून यायला आठवडे लागतात आणि धागा त्याआधीच संपलेला असतो. फार मोठ्या छिद्रात कडा जवळ येत नसतील तर जाळी लावण्याचा पर्याय आहे, पण पिल्लांत ती वेळ क्वचित येते.

घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात जखमेखाली पुन्हा मऊ फुगवटा दिसला की मालक हवालदिल होतात. बहुतेक वेळा रिकाम्या झालेल्या जागेत साठलेला तो द्रव असतो आणि आपोआप शोषला जातो, पण परत आलेला हर्निया नाही ना, याची खात्री डॉक्टरनेच बोटाने करायची असते. टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर दहा ते चौदा दिवस, टाके काढेपर्यंत, ठेवावी. पिल्लाने टाके चाटले नाहीत आणि जिन्यावर, सोफ्यावर उड्या मारल्या नाहीत तर काम निम्मे झाले म्हणावे. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक, कुत्र्याला मुळीच देऊ नयेत. त्यांनी जठराला व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

हे सारे मोठ्या शहरांत उपलब्ध आहे. मुंबईत परळ येथे 1886 मध्ये सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला येथील शासकीय पशुवैद्यकीय शिक्षणसंस्थांतही शस्त्रक्रिया विभाग आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र वायुरूप भूल आणि सोनोग्राफी सहसा नसते. तरीही तिथल्या पशुवैद्याला कमी लेखण्याचे कारण नाही. वासरांच्या बेंबीचे हर्निये त्याने शिवलेले असतात, छिद्राची कड बोटाने कशी जाणवते हे त्याला पुरते ठाऊक असते. त्याने पहिल्याच भेटीत व्यास मोजून लिहिला आणि मोठे छिद्र किंवा जांघेतला दोष दिसताच पिल्लू वेळेवर महाविद्यालयाच्या दवाखान्यात पाठवले, तरी पुष्कळ जीव वाचतील. अडकलेल्या आतड्यासह पाच-सहा तासांचा प्रवास करून आलेले पिल्लू आणि आधी तारीख ठरवून, पोट रिकामे, अंगात पाणी नीट असलेले पिल्लू, यांच्या शस्त्रक्रियेत फार मोठे अंतर असते.

आता पैदाशीविषयी. शस्त्रक्रियेने छिद्र मिटते, दोष देणारी जनुके मिटत नाहीत. शिवलेल्या जागेवर केस उगवले की व्रणही दिसेनासा होतो आणि तो कुत्रा निर्दोष म्हणून पैदाशीला वापरला जातो. हा दोष एकाच जनुकाने नव्हे तर अनेक जनुकांच्या मिलाफाने येतो असे मानले जाते, म्हणून एखाद्या वेतात दोन-तीन पिल्लांना हर्निया निघाला तर ती पिल्ले तर पैदाशीतून वगळावीतच, पण त्याच आई-बापांची जोडी पुन्हा लावू नये. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या आधारे केंद्र सरकारने 2017 मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. या आठ आठवड्यांचा उपयोग हर्नियाच्या तपासणीसाठी उत्तम होऊ शकतो, कारण तोवर बेंबीचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालेले असते. प्रत्यक्षात महिनाभराची पिल्ले टोपलीतून सर्रास विकली जातात, आणि गिऱ्हाइकाने बेंबीवरच्या गाठीबद्दल विचारले तर ‘नाळेचा भाग आहे, पडून जाईल’ असे सांगितले जाते. प्रामाणिक ब्रीडरही आहेत, जे दोष स्वतःहून दाखवतात, पिल्लू कमी किमतीत आणि निर्बीजीकरणाच्या अटीवर देतात. त्यांचे अनुकरण इतरांनी करावे यासाठी गिऱ्हाइकानेच पिल्लू घेण्यापूर्वी पशुवैद्याचा तपासणीचा कागद मागायला हवा. रस्त्यावरच्या किंवा संस्थांकडून दत्तक घेतलेल्या पिल्लांबाबत हा प्रश्न सोपा आहे. ती घरी नेण्याचे कारण पैदास हे नसतेच, म्हणून हर्निया असलेले पिल्लू दत्तक घ्यायला कोणी कचरू नये. एका भुलीत हर्निया आणि निर्बीजीकरण दोन्ही उरकतात आणि पुढे ते पिल्लू इतर कुत्र्यांप्रमाणेच धावते, खेळते.

माझी विनंती महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेला, लहान प्राण्यांच्या चिकित्सकांच्या संघटनांना आणि लसीकरणाच्या पुस्तिका छापून वाटणाऱ्या लस कंपन्यांना आहे. त्या पुस्तिकेत वजन आणि जंतनाशकाच्या तारखांसाठी रकाने असतात. त्यांच्याच शेजारी बेंबीचे छिद्र किती सेंटिमीटर, ऐवज आत जातो की नाही, डावी जांघ, उजवी जांघ आणि नरात दोन्ही अंड उतरले की नाही, एवढ्या पाच नोंदींची एक ओळ छापावी आणि प्रत्येक लसीच्या वेळी ती भरली जावी. ती छापून येईपर्यंत पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर पशुवैद्याने हाताने लिहिले तरी चालेल. मालकांनीही लस टोचून झाल्यावर पिल्लू उचलण्याआधी ही तपासणी करून घ्यावी आणि आकडा लिहून मागावा.

आपला,
एक पशुवैद्य, सातारा जिल्हा